काळारामाचा सत्याग्रह का थांबवला?

नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, पण मंदिराची दारं उघडण्याआधीच बाबासाहेबांनी तो लढा सोडला, याला काही जण आजही माघार म्हणतात. मला ते पटत नाही. त्यासाठी आधी महाडकडे पाहावं लागतं.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, ते कागदावर. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले. लोकांनी मार खाल्ला, प्रकरण कोर्टात गेलं आणि ते त्यांनी दहा वर्षं चिवटपणे लढवलं. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल बाजूने लागला. पाण्यावरचा हक्क त्यांनी अर्ध्यावर सोडला नाही.

नाशिकचं वेगळं होतं. २ मार्च १९३० ला हजारोंची मिरवणूक मंदिराकडे निघाली, दारं बंद होती. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया. रामनवमीला रामाचा रथ सवर्ण आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचं ठरलं होतं, तो शब्द मोडून रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. खरी किंमत मोजली ती आसपासच्या खेड्यांनी. तिथे अस्पृश्यांच्या वाटा अडवल्या, दुकानातून माल देणं बंद केलं, पोरांना शाळेतून काढलं. सत्याग्रहाच्या बातम्यांत या घरांची नावं कुठे येणार? तरीही बाबासाहेबांचे नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सोबत्यांनी लढा वर्षानुवर्षं धरून ठेवला.

१९३४ ची रामनवमी जवळ आली तेव्हा पुन्हा सत्याग्रह करावा का, असं दादासाहेबांनी विचारलं. ३ मार्चच्या पत्रात बाबासाहेबांनी नको म्हणून कळवलं. आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील, म्हणून हा लढा उभारलाच नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं, यासाठी होता. ते झालं. आता सगळी ताकद शिक्षणात आणि राजकारणात घालावी, असा त्या पत्राचा आशय आहे. उपाशी, बहिष्कृत माणसांची ताकद किती आणि ती कुठे लावायची, याचा इतका रोखठोक हिशेब दुसऱ्या कुठल्या नेत्याने केलेला मला माहीत नाही.

पुढची पावलं त्याच दिशेने पडली. ऑक्टोबर १९३५ मध्ये हिंदू म्हणून मरणार नाही ही येवल्याची घोषणा, १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ ला खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक, जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मुंबईत विधिमंडळावर मोर्चा, १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही शिक्षणसंस्था. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. दादासाहेब पुढे जमिनीच्या प्रश्नाकडे वळले. १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांच्याच नेतृत्वाखाली झाला.