दप्तर पाठीवर असतं, पण परिणाम पावलांत दिसतो

दुपारी साडेबाराच्या आसपास ठाण्याच्या नौपाड्यात एखाद्या शाळेबाहेर उभे राहा, सकाळची शाळा सुटत असते, दुपारची भरत असते, रिक्षावाले काका, आज्या, स्कूटरवाल्या आया, सगळी एकच गर्दी. त्या गर्दीत चौथी-पाचवीतलं एखादं मूल चालताना नीट बघा. मान पुढे आलेली, कमरेतून वाकलेलं, पावलं जवळजवळ टाकत चाललंय. गेटबाहेर आल्यावर दप्तर आजीच्या हातात गेलं की तेच मूल ताठ होतं आणि सरळ पळतच सुटतं.

हे कशामुळे होतं, तर पाठीवर वजन आलं की शरीराचा तोल मागे जातो. मागे पडू नये म्हणून मूल आपोआप पुढे झुकतं, आणि समोर बघायचं असतं म्हणून मान वर उचलून पुढे काढतं. दप्तर एकाच खांद्यावर असेल तर शरीर दुसऱ्या बाजूला कलतं. यातलं काहीच मूल मुद्दाम करत नाही, त्यामुळे "सरळ चाल" म्हणून ओरडून काही उपयोग नाही, वजन तसंच असेल तर दोन मिनिटांत ते परत वाकणारच.

आता पायांचं बघू. चालताना बराच वेळ आपण एकाच पायावर असतो, आणि मध्ये थोडा वेळ दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात. २००० साली हाँगकाँगच्या संशोधकांनी दहा वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या वजनाची दप्तरं देऊन ट्रेडमिलवर चालवलं. दप्तर शरीराच्या वजनाच्या २० टक्के झालं तेव्हा मुलं जास्त पुढे झुकली, दोन्ही पाय टेकलेले असण्याचा वेळ वाढला आणि पाय हवेत असण्याचा वेळ कमी झाला. म्हणजे शरीर तोल सांभाळायला बघतं, एका पायावर जास्त वेळ राहायला तयार नसतं. ट्रेडमिलवर निदान जमीन सपाट असते हो, आपल्याकडे उखडलेले पेव्हर ब्लॉक, पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि वर शाळेचे तीन जिने.

तळव्यावरचा दाब पण वाढतो. लहान मुलांच्या तळव्याची कमान तयार व्हायला वेळ लागतो, पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेकांचे पाय सपाटच दिसतात आणि ते नॉर्मल आहे. मोठ्या मुलांमध्ये वजन घेतलं की कमान थोडी दबते, तळवा जास्त टेकतो. घरी बघायचं असेल तर मुलाचा पाय ओला करून जुन्या वर्तमानपत्रावर उभं करा, एकदा दप्तराशिवाय, एकदा दप्तर घेऊन, आणि दोन ठसे शेजारी ठेवा. फरक कधी कधी अगदी थोडा असतो, दिसला तरी घाबरू नका, दप्तर काढलं की पाय परत पहिल्यासारखा होतो.

घाबरू नका म्हणते कारण दप्तरामुळे मणका कायमचा वाकडा होतो असं जे फॉरवर्ड फिरतं त्याला पुरावा नाही. २०१८ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात दप्तरामुळेच पाठदुखी होते असं ठामपणे सिद्ध झालं नाही. पण रोज दमून, वाकून, अडखळत शाळेत पोचणं हा काय कमी त्रास आहे का?

केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्येच शाळकरी मुलांवरच्या अभ्यासाच्या आणि दप्तराच्या ओझ्याबद्दल लिहिलं होतं. महाराष्ट्राचा २०१५ चा जीआर आणि केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण, दोन्हीकडे मर्यादा शरीराच्या वजनाच्या १० टक्के आहे. केंद्राच्या तक्त्यात तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो. आता हिशोब करा, एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, त्यात स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळं, डबा वेगळा, आणि रिकामी बॅग स्वतःच पाऊण किलोची असू शकते. पुस्तकं अजून आलीच नाहीत! म्हणून शाळेत पिण्याचं पाणी चांगलं मिळणं आणि पुस्तकं ठेवायला वर्गात कपाट असणं हे पालकसभेत आवर्जून मागायला हवं असं मला मनापासून वाटतं.

घरी करायचं म्हणजे वजनकाट्यावर मूल आधी नुसतं, मग दप्तरासकट उभं करा, फरक कळतो. जाड पुस्तकं पाठीला चिकटून ठेवा, दोन्ही पट्टे ओढून घ्या, कारण लोंबतं दप्तर पाठीपासून लांब जातं आणि मुलाला आणखी झुकावं लागतं. ट्रॉली बॅग सपाट रस्त्यावर ठीक, पण जिन्यात ती एका हाताने उचलावी लागते.

मात्र टाच सारखी दुखते, मूल लंगडतं, हाताला मुंग्या येतात असं काही असेल तर दप्तरावर ढकलू नका. आठ ते चौदा या वयात टाचेच्या वाढणाऱ्या हाडाला सूज येऊन दुखणं कॉमन आहे, खेळणाऱ्या मुलांमध्ये जास्त, आणि ते डॉक्टरांनी बघितलेलं बरं.