आईचं मुखत्यारपत्र आहे, तरी बँक पैसे का देत नाही?

बाराव्या-तेराव्याचं उरकलं की हा प्रश्न निघतो. मुलाच्या हातात रीतसर नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) असतं, चार वर्षं तोच आईचे सगळे व्यवहार बघत असतो, आणि काउंटरवरचा माणूस कागद परत सरकवतो. मुलाला वाटतं, बँक अडवणूक करतेय. पण इथं बँकेचं बरोबर असतं. करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे लिहून देणारा वारला की मुखत्यारी संपते. मुखत्याराचा स्वतःचा हक्क त्याच मिळकतीत गुंतलेला असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण घरातल्या घरात सोयीसाठी केलेल्या मुखत्यारपत्राला तो लागत नाही.

मुखत्यार हा जिवंत माणसाचा हात. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक, हा माणूस गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे वाटणी करून देणारा. आई हयात असताना एक्झिक्युटरला तिच्या पासबुकाला हात लावायचा अधिकार नाही. ती गेल्यावर मुखत्याराला नाही.

समजा, आई कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, मुलगा पुण्यात नोकरीला आणि करवीर तालुक्यात दोन एकर ऊस. ऊसबिल, भाडेकरार, वीजजोडणी, महापालिकेचा घरफाळा यासाठी आईनं मुलाला मुखत्यारपत्र दिलं, तरी मालक आईच. तिला वाटलं तर ती स्वतः सही करील, वाटलं तर रद्द करील. रद्द करायचं तर रद्दपत्र करा, मुखत्याराला लेखी कळवा आणि बँकेलाही कळवा. हे शेवटचं लोक विसरतात.

मुखत्यारपत्र करायला लिहून देणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. दोघांची आधार व पॅन कार्डं, फोटो, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा उतारा आणि ओळख पटवायला दोन माणसं घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. नोटरीकडं केलेलं किरकोळ कामाला चालतं. पण लिहून देणाऱ्यानं सही केलेला दस्त त्याच्या वतीनं नोंदणीला हजर करायचा असेल, तर मुखत्यारपत्र तो राहतो त्या भागातल्या निबंधकासमोरच झालेलं हवं. आई अंथरुणाला खिळली असेल तर अर्ज करून घरभेट मागता येते. मुलगी परदेशात असेल तर तिनं तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर सही करायची, आणि कागद इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं.

शुल्काची गोम वेगळीच आहे. जवळच्या नातेवाइकाला मोबदला न घेता दिलं तर शुल्क किरकोळ. परक्याला पैसे घेऊन, विक्रीच्या अधिकारासह दिलं तर शुल्क खरेदीखताइतकं. आणि एवढं भरूनही तो मालक होत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘मुखत्यारपत्रावर प्लॉट घेतलाय’ असं कोणी सांगितलं तर मी तरी खरेदीखत मागेन.

मुखत्यारी मृत्यूआधीही संपू शकते. आईला पक्षाघाताचा झटका आला, स्मृतिभ्रंश झाला, ती शुद्धीवर राहिली नाही, तर त्याच कलम 201 नं मुखत्यारपत्र बाद होतं. नेमकं ज्या दिवसासाठी करून ठेवलं, त्याच दिवशी ते उपयोगाचं राहत नाही. माणूस कोमात असेल तर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, एवढाच दिलासा.

आता दुसरा कागद. एक्झिक्युटर नेमायला वेगळा अर्ज नाही. मृत्युपत्रातच त्याचं नाव लिहायचं. तो सज्ञान आणि शुद्धीवर हवा. मुलगा, भाऊ, वकील, कोणीही चालतो, आणि ज्याला वाटा मिळणार तोही चालतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी करावी आणि त्या सुमाराचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, असं माझं मत. पुढं भावाभावांत फाटलं तर पहिला वाद ‘तेव्हा आईला समजत होतं का’ यावरच होतो. साक्षीदार शक्यतो आईपेक्षा वयानं लहान आणि वाटा न मिळणारे घ्या.

आई गेल्यावर एक्झिक्युटरनं मृत्यूचा दाखला काढायचा, मूळ मृत्युपत्र ताब्यात घ्यायचं, मालमत्तेची आणि देण्याची यादी करायची. आधी अंत्यविधीचा खर्च, मग सेवा सोसायटीचं पीककर्ज आणि बाकीची देणी, आणि त्यानंतर वाटणी. भाऊबंद घाई करतात, पण वर्षभरात वाटे द्यायची सक्ती कायदा त्याच्यावर करत नाही. ही जबाबदारी नको असेल तर तो सुरुवातीलाच नाकारू शकतो.

‘प्रोबेट आणा’, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला आणा, हे ऐकून माणसं घाबरतात. हिंदू व्यक्तीचं कोल्हापुरात केलेलं मृत्युपत्र आणि मिळकतही इथलीच, तर प्रोबेट सक्तीचं नाही. वाद असेल किंवा समोरची संस्था हटून बसली असेल तर कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते, मालमत्तेची किमतीसह यादी आणि शक्य असेल तर एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. बाकी वारसांना नोटीस निघते. कोणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो आणि मग तारखा मोजत बसायचं.

रानाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयात मृत्युपत्राची प्रत व दाखला द्यायचा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याला देता न येणारी जमीन, असेल तर मृत्युपत्र लिहायच्या आधीच वकिलाला दाखवा. कुळकायद्यातली जमीन मनाला येईल त्याला देता येत नाही.

एकच मुलगा मुखत्यार आणि एक्झिक्युटर दोन्ही असू शकतो, पण कागद दोन लागतात. मृत्युपत्र बँकेच्या लॉकरात ठेवू नका. लॉकर एकट्या आईच्या नावावर असेल तर तो उघडायलाच धावपळ होते. आणि आई गेल्यावर तिचं एटीएम कार्ड, पिन माहीत असला तरी, वापरू नका. कार्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करा, पावत्या ठेवा. तो खर्च मालमत्तेतून सगळ्यांत आधी परत घेता येतो.