सेवकाने शरीराचे लाड करू नयेत?

‘खरा देवाचा सेवक थकत नाही, थकला तर त्याची प्रार्थना कमी पडली’ हे वाक्य आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरते आहे. आधाराला बायबलमधल्या, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली ४:८ ही ओवी दिली जाते: शारीरिक कसरत थोड्या बाबतीत उपयोगी. पण ‘थोड्या बाबतीत’ म्हणजे ‘निरुपयोगी’ नव्हे. आदल्याच ओवीत पौल सुभक्तीसाठीही व्यायामशाळेतलाच शब्द वापरतो. म्हणजे भक्तीलाही रोजचा सराव लागतो. शरीराची निंदा तिथे कुठेच नाही.

एलीयाकडे पाहा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहणारा हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला दोष देत नाही, उपदेशही करत नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. एलीया खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो: खा, पुढचा प्रवास मोठा आहे. होरेब डोंगरावर त्याने ऐकलेली देवाची ती मंद वाणी त्यानंतर, ४० दिवसांच्या वाटचालीनंतर.

येशूही पहाटे अंधारात एकांती जाऊन प्रार्थना करी, आणि वादळात नावेत उशीवर झोपेही. शिष्यांना जेवायलाही सवड उरली नाही तेव्हा त्याने त्यांना विसाव्यासाठी बाजूला नेले.

न झोपलेला पाळक, म्हणजे मंडळी सांभाळणारा सेवक, लवकर चिडतो, घाईत निर्णय घेतो, आणि ते सोसते मंडळी. अशा पाळकाला ‘अजून उपास करा’ म्हणणे मला क्रूर वाटते. त्याला आधी जेवू द्या, झोपू द्या.