पंपावरची बाटली आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज

‘साहेब, हे टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल,’ म्हणत पंपावरचा पोऱ्या पेट्रोलमध्ये ओतायची छोटी बाटली पुढे करतो. नाही वाढत. छोट्या गाडीचं इंजिनही टाकलेलं पेट्रोल जवळजवळ सगळं जाळतंच. ऊर्जा वाया जाते ती उष्णता होऊन, रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे. बाटली ती कशी अडवणार? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी १०० हून अधिक उत्पादनं तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही.

इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर काजळी धरली असेल तर क्लीनरने गेलेलं अ‍ॅव्हरेज थोडंफार परत येतं, एवढं खरं. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे पडलेली तूट कुठलीच बाटली भरून काढत नाही. त्यापेक्षा टायर थंड असताना हवा तपासा. ती पंपावर बहुधा फुकटच मिळते.