पित्ताशयाच्या रिपोर्टवर ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’ असे लिहून आले असेल तर

खड्यांसाठी काढलेले पित्ताशय आमच्या लॅबमध्ये तपासायला येते, तेव्हा बहुतेक वेळा जुनी सूज निघते आणि विषय संपतो. क्वचित कर्करोग निघतो. पित्ताशयाच्या दर दहा कर्करोगांपैकी साधारण नऊ ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींपासून होणारा कर्करोग) प्रकारचे असतात. वर लिहिलेला, संप्रेरके बनवणाऱ्या पेशींसारख्या बारीक पेशींचा प्रकार उरलेल्यांतला. दुर्मीळ, आणि झपाट्याने पसरणारा.

त्रास खड्यांसारखाच होतो: उजव्या बरगडीखाली दुखणे, मळमळ, कधी कावीळ. त्यामुळे ऑपरेशनआधी संशयही येत नाही. पित्ताशयाची भिंत पातळ आणि एका बाजूने थेट यकृताला चिकटलेली. रोगाला यकृतात पोहोचायला फार वाट काढावी लागत नाही. लसिकाग्रंथींतही तो लवकर जातो.

रिपोर्टला उशीर का, असे बरेच जण विचारतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी दाटीवाटीने बसलेल्या, गर्द निळ्या, जवळपास नुसते केंद्रकच असल्यासारख्या दिसतात. लिम्फोमातही (लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही) काहीसे असेच चित्र दिसू शकते. म्हणून सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६ या आयएचसी चाचण्या (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याच्या) कराव्या लागतात, त्याला आणखी काही दिवस जातात. सोबत केआय-६७ पाहतो. किती टक्के पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत ते त्यावरून कळते. या प्रकारात तो आकडा २०च्या वर, बऱ्याचदा खूपच वर असतो.

फुप्फुसातला स्मॉल सेल कर्करोग हुबेहूब असाच दिसतो, म्हणून रोग तिथून पसरून आलेला नाही ना, हे पाहावे लागते. डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला तर ‘दुखणे पोटात, तपासणी छातीची कशाला’ म्हणून टाळू नका.

केमोची औषधेही प्रकारानुसार बदलतात. यात सहसा इटोपोसाइडबरोबर सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन देतात. शस्त्रक्रिया पुन्हा करायची का, हे रोग किती पसरलाय त्यावर ठरते. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांचा. रिपोर्टमधले शब्द समजून घ्यायला आमच्या पॅथॉलॉजिस्टना जरूर भेटा, पण त्यासाठी तज्ज्ञांची भेट पुढे ढकलू नका.

ऑपरेशन व्हायचे असेल त्यांच्यासाठी: खडे हवे तर घरी न्या, पाहुण्यांना दाखवा, पित्ताशय मात्र अख्खे तपासायला येऊ द्या. त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात), लगेच. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवले तर पेशी खराब होतात, मग आम्हालाही नीट सांगता येत नाही.

सेकंड ओपिनियन घ्यायचे असल्यास नुसता कागद पुरत नाही. लेखी अर्ज द्या, पित्ताशयाचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड्स आम्ही देतो.