दोन नावं, एकच बेडूक: आल्बर्टाइन रिफ्टमधल्या एका रीड फ्रॉगची पार्श्वभूमी

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हायपरोलिअस प्रजातीच्या (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) १४०हून अधिक जाती सापडतात. हेच ते रंगीबेरंगी रीड फ्रॉग. त्यातल्या बऱ्याचशा सखल भागात, पाणथळीच्या गवतात राहतात. हायपरोलिअस डिस्कोडॅक्टिलस मात्र डोंगरातला. कांगो, युगांडा आणि रवांडाच्या सीमाभागातली आल्बर्टाइन रिफ्टची पर्वतरांग हे त्याचं घर.

या बेडकाच्या वर्गीकरणाचा गुंता १९३१ साली सुरू झाला. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचे (म्युझियमचे) अर्न्स्ट आल यांनी त्या वर्षी हायपरोलिअसच्या कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. त्यांत डिस्कोडॅक्टिलस होता आणि रुवेंझोरी पर्वताशी जोडला गेलेला अल्टिकोलाही. आल यांच्यासमोर होते इतरांनी गोळा करून पाठवलेले, स्पिरिटमध्ये बुडवलेले नमुने. त्यांनी दिलेल्या नावांपैकी बरीच पुढे रद्द झाली, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. स्पिरिटमध्ये बेडकाचा मूळ रंग उडून जातो. शिवाय जिवंत असतानाही या प्राण्यांचा रंग फसवाच असतो. अनेक जातींत पाण्यातून नुकतीच बाहेर आलेली सगळी पिल्लं एकसारखी दिसतात. वयात येताना माद्या वेगळाच रंग धारण करतात, नर मात्र कधी बदलतात, कधी तसेच राहतात. डॅनिश संशोधक आर्ने शिऑट्झ यांनी या दोन रूपांना ‘जे’ (जुवेनाइल, म्हणजे पिल्लांचं) आणि ‘एफ’ (फीमेल, म्हणजे मादीचं) अशी नावं दिली, आणि ओळख पटवताना नराच्या आवाजाला महत्त्व दिलं. बाटलीतल्या बेडकाला आवाज कुठला?

ही दोन्ही नावं तब्बल आठ दशकं शेजारी शेजारी नांदली. २०१४ साली लिडके आणि सहकाऱ्यांनी ‘झूटॅक्सा’ या शोधपत्रिकेत या प्रश्नाचा निकाल लावला. बाह्यरूप आणि डीएनए दोन्ही तपासल्यावर वेगळी जात मानण्याइतका फरक दिसला नाही. अल्टिकोला डिस्कोडॅक्टिलसमध्ये विलीन झाला.

त्यामुळे नकाशाही बदलला. रुवेंझोरीचा म्हणून वेगळा मोजला जाणारा बेडूक आता रवांडातल्या न्युंग्वे जंगलापर्यंत पसरलेल्या जातीचा भाग ठरतो. क्षेत्र मोठं झालं, तरी ते सलग नाही. डोंगरमाथ्यांवरची जंगलं तुटक आहेत, मधल्या उतारांवर दाट वस्ती आणि शेती आहे. अल्टिकोला नावाने ठेवलेल्या जुन्या नोंदी आता डिस्कोडॅक्टिलसच्या खात्यात धरूनच त्याच्या संवर्धनाचा हिशेब मांडायला हवा.