'मागणी नाही, म्हणजे गरज नाही' हा गैरसमज

"तिथून एकही अर्ज आला नाही, म्हणजे त्यांना गरज नसणार." सार्वजनिक धोरणाच्या चर्चेत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते साफ चूक आहे.

ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्येच गरजेचे चार प्रकार मांडले: तज्ज्ञांनी ठरवलेली, माणसाला स्वतःला जाणवणारी, त्याने मागणी करून दाखवलेली आणि इतरांशी तुलना केल्यावर दिसणारी. अर्ज मोजून फक्त तिसरी हाती लागते.

अर्जातला 'कायमचा पत्ता' हा एकच रकाना बघा. ज्याला घरच नाही, तो तिथेच अडकतो. अर्ज बाद, नोंद नाही, आणि अहवालात गरज शून्य! सभा भर दुपारी ठेवली तर रोजंदारीवरची बाई येणार कशी? तिची गैरहजेरी समाधान म्हणून धरली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

वगळलं जाणं म्हणजे गरिबीच, असंही नाही. फ्रान्सचे सरकारी अधिकारी रेने लनोआर यांनी १९७४ मध्ये 'वगळलेल्यां'बद्दल लिहिलं, तेव्हा त्यांत अपंग, वृद्ध, व्यसनात अडकलेलेही होते. खिशात पैसे असले तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला कार्यालयाच्या तीन पायऱ्या अडवतातच.